मिक्समधला तो तुकडा कोणाचा?

प्रश्न : मैत्रिणीनं दीड तासाचा मिक्स, म्हणजे एकमेकांत मिसळत सलग वाजणाऱ्या गाण्यांची फाइल, पाठवला. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास सिंथेसायझरवर मालकंस रागासारखं काहीतरी वाजतं, खाली डिस्कोचा ठेका आहे. गाणं ओळखणारं अ‍ॅप काहीच सांगत नाही, मैत्रिणीलाही वादक कोण ते ठाऊक नाही. कसं शोधायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असं अ‍ॅप राग किंवा चाल ओळखत नाही. एका ठरावीक ध्वनिमुद्रणातले ठळक सूर कोणत्या क्षणी येतात, त्याचा ठसा ते जुळवून बघतं. मिक्स करणारा मात्र पुढच्या गाण्याशी ठेका जुळावा म्हणून वेग बदलतो. वेगाबरोबर पट्टीही चढली, तर ठसा जुळत नाही. वेग ६ टक्क्यांनी वाढवला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो, काळी एकचा सा पांढरी दोनवर जातो.

आधी तुकडा नीट निवडा. दोन गाणी एकमेकांत मिसळतात तो भाग टाळा आणि एकच गाणं वाजत असलेले २०-३० सेकंद कापून घ्या. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट आहे. तो वापरून तुकडा एकेक टक्क्यानं उतरवा आणि प्रत्येक वेळी अ‍ॅपला ऐकवा. उणे ८ टक्क्यांपर्यंत जाऊन बघा, मग उलट्या दिशेनं. इथे एक चूक हमखास होते : ६ टक्के वाढवलेलं पूर्ववत करायला उणे ६ नव्हे, उणे ५.७ टक्के लागतात.

तरीही जुळलं नाही, तर कानाकडे या. वेग कितीही बदलला तरी स्वरांमधली अंतरं तीच राहतात, म्हणून राग बदलत नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सा जुळवा आणि रे व प येतात का ते बघा. ते वर्ज्य असतील, ग, ध, नि कोमल आणि मध्यम शुद्ध असेल, तर मालकंस. निषाद शुद्ध लागला तर चंद्रकंस, आणि मग पुढचा अंदाज बाद.

अंदाज असा, की हे चरणजित सिंग यांचं वादन असावं. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या वादकानं १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यातल्या दहा रागांत मालकंसही आहे.

प्रश्न : हे खरंच १९८२ चं आहे? ऐकायला कितीतरी नंतरचं वाटतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : ही शंका रास्त आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलनं (तबकड्या काढणाऱ्या कंपनीनं) ही तबकडी पुन्हा काढली, तेव्हा अनेकांना ही बनवाबनवीच वाटली होती. शिकागोत अ‍ॅसिड हाउस या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताची लाट आली ती १९८७ च्या सुमारास, आणि तिचा तो चिरका, वळवळता आवाज इथे पाच वर्षं आधीच ऐकू येतो. कारण यंत्र तेच आहे, रोलंडचं टीबी-३०३. ठेका टीआर-८०८ या ठेक्याच्या यंत्रावर आहे, तिसरं यंत्र जुपिटर-८ सिंथेसायझर. ३०३ हे मुळात बेस गिटारऐवजी वापरायचं यंत्र. त्यावर स्लाइड चालू केली की एक सूर पुढच्या सुरावर घसरत जातो, आणि आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते. गायकाची मींड वाटेत रेंगाळू शकते, यंत्राची ठरल्या वेळातच पोचते. पण या फरकामुळेच हे वादन इतकं ताजं वाटतं, असं आमचं ठाम मत आहे.

तुकड्यावर थांबू नका, भैरवपासून सगळी तबकडी ऐका. कलावती आणि बैरागी तर चुकवूच नका. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचा बेस गळतो आणि अर्धी गंमत तिथेच जाते. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले. चित्रपटगीतांच्या धुनांच्या त्यांच्या इतर तबकड्याही आहेत. त्या ऐकताना एवढं धरून चाला, की त्यांचा बाज वेगळा आहे.

प्रश्न : मला स्वतःचा मिक्स मित्रांना पाठवायचा आहे. काय काळजी घेऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वादकाचं नाव, तबकडी, वर्ष आणि तुकडा कोणत्या मिनिटाला सुरू होतो, एवढी यादी सोबत द्याच. एमपी३ काढताना आवाजाचा दर्जा (बिटरेट) ३२० केबीपीएस ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.