वाचकांचे प्रश्न: आधी जमीन पाहावी, मग सरडा

थारच्या वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

*प्रश्न: डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही जैसलमेर आणि सम येथे चार दिवस होतो. पहाटेपासून टेकड्या पालथ्या घातल्या, पण एकही सरडा दिसला नाही. वाळवंटात सरडे असतात ही केवळ पुस्तकी समजूत आहे काय? (पुणे)*

सरडे होते, परंतु आपण त्यांच्या झोपेच्या दिवसांत गेलात. सरपटणाऱ्या प्राण्यांना अंगात स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही, ती त्यांना उन्हातून आणि तापलेल्या जमिनीतून घ्यावी लागते. थारमध्ये डिसेंबर-जानेवारीची पहाट कडाक्याची थंड असल्यामुळे सांडा या काटेरी शेपटीच्या सरड्यासारखे प्राणी साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बिळात शीतनिद्रा घेतात. मार्च-एप्रिलचे आठवडे आणि पाऊस पडून गेल्यानंतरचा काळ निरीक्षणासाठी सर्वांत चांगला. उन्हाळ्यात जाणार असाल, तर सकाळी ऊन अंगाला लागू लागल्यापासून वाळू पायाला चटका देईपर्यंतचा अवधी साधावा. भर दुपारी माणूस जसा सावलीत बसतो, तसेच सरडेही बिळात किंवा झुडपाखाली जातात. म्हणूनच पहाटे पाच वाजता उठण्याची पक्षिनिरीक्षकांची सवय सरड्यांच्या बाबतीत फारशी कामाची नाही.

*प्रश्न: सोबत पाठवलेला फोटो वाळूच्या टेकडीवर काढला आहे. प्राणी जेमतेम बोटाएवढा आणि वाळूच्याच रंगाचा होता. सोबतच्या मंडळींपैकी कोणी त्याला घोरपडीचे पिल्लू म्हटले, तर कोणी सांडा. नक्की काय आहे? (नाशिक)*

दोन्ही नाही. हा सरडा बेडकासारख्या बसक्या, आखूड डोक्याचा असून फक्त थारच्या वाळूत आढळतो. 1978 साली आर. सी. शर्मा यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि 1971 च्या युद्धामुळे सर्वांना ठाऊक झालेल्या लोंगेवाला या ठिकाणावरून त्याच्या जातीचे नाव ठेवले. आपण सुदैवी आहात, कारण माणूस जवळ येताच हा सरडा पळण्याऐवजी बहुधा वाळूत उतरतो. तो अंगाच्या दोन्ही कडा झरझर थरथरवतो, वाळू त्याच्या पाठीवर दोन्हीकडून ओघळते आणि क्षणभरात केवळ डोळे व नाकाचा शेंडा वर उरतो. नजर हलली, की ती जागा पुन्हा सापडत नाही.

या निमित्ताने ओळख पटवण्याचा क्रम सांगतो, कारण बहुतेक पत्रलेखक रंगापासून सुरुवात करतात आणि तेथेच फसतात. सांडाच पाहा ना: सकाळी बिळातून निघतो तेव्हा ऊन शोषून घेण्यासाठी तो काळपट असतो आणि अंग तापले की फिकट, पिवळसर होतो. एकाच प्राण्याचे दोन तासांच्या अंतराने काढलेले फोटो दोन निरनिराळ्या जातींचे वाटावेत इतका हा फरक असतो. म्हणून पायाखालची जमीन प्रथम पाहावी. सुटी, वाहती वाळू असेल तर आपल्या फोटोतील सरडा किंवा बोटांच्या कडेला खवल्यांची झालर असलेला, वाळूवर सुसाट धावणारा सडपातळ सरडा यांचा विचार करावा. कडक, सपाट, मुरमाड जमीन असेल तर सांडा. विरळ झुडपे असलेल्या जमिनीवर लांब शेपटीचा आणखी एक सरडा दिसतो, ज्याच्या नराचा गळा विणीच्या दिवसांत निळा होतो.

जमिनीनंतर कानाकडे पाहावे. या निळ्या गळ्याच्या सरड्याला डोळ्यामागे कानाचे छिद्र स्पष्ट दिसते, तर आपल्या फोटोतील सरड्याला बाहेरून कानच दिसत नाही, जणू वाळू आत जाऊ नये म्हणून दार लिंपून टाकले आहे. घोरपडीच्या बाबतीत शेपूट निर्णायक ठरते. आपल्याकडच्या नेहमीच्या घोरपडीची शेपूट दोन्ही बाजूंनी चपटी असते, वाळवंटी घोरपडीची गोलसर असते आणि तिच्या नाकपुडीची तिरपी फट डोळ्याच्या अगदी जवळ असते. हे सगळे वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. पुढच्या वेळी गुडघ्यांवर बसून, डोके, बोटे आणि शेपूट येतील असा बाजूने फोटो काढावा. पाठीचा कितीही सुंदर फोटो ओळखीच्या कामी अर्धाच उपयोगी पडतो.

*प्रश्न: आमच्या गाडीच्या चालकाने सांडा शेपटीला धरून बिळातून ओढून काढला आणि मुलांच्या हातात दिला. सांडा चावत नाही, असे तो म्हणाला. मुले खूश झाली, मला मात्र ते बरे वाटले नाही. (ठाणे)*

आपल्याला वाटले तेच योग्य होते. मोठा सांडा मुख्यतः पाला, फुले आणि बिया खाऊन राहणारा, अतिशय भित्रा प्राणी आहे. त्याच्या बचावाचे साधन म्हणजे काटेरी कड्यांची शेपूट. बिळात शिरून तो शेपटीने वाट अडवतो आणि शत्रूवर तिचेच फटकारे मारतो. तिलाच धरून ओढल्यावर त्याला इजा होण्याचा धोका असतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार सांडा संरक्षित असल्याने त्याला पकडणे हा गुन्हा आहे. बाजारात सांधेदुखीवर आणि पुरुषांच्या ‘ताकदीसाठी’ विकले जाणारे सांड्याचे तेल हे निव्वळ चरबी वितळवून काढलेले तेल असते. ते मिळवण्यासाठी सांडे कणा मोडून, जिवंत स्थितीत विकायला ठेवले जातात, हे मुलांना जरूर सांगावे.

पाहायचाच असेल तर अर्धचंद्राकृती तोंडाचे बीळ शोधावे आणि वीस-तीस मीटरांवर गाडी उभी करून आतच बसावे, कारण उभा माणूस पाहून सांडा जितका बिचकतो तितका थांबलेल्या गाडीला बिचकत नाही. दुर्बीण बिळावर रोखून धीर धरावा. आधी नुसते बोथट डोके वर येते, मग पुढचे पाय, आणि आकाशात शिकारी पक्षी नाही अशी खात्री पटल्यावर तो पूर्ण बाहेर पडतो. मांडीच्या पुढच्या बाजूला काळसर डाग दिसला की ओळख पक्की झाली. संध्याकाळी आत गेल्यावर तो बिळाचे तोंड मातीने लिंपून घेतो. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्याला प्राणी हातात घेण्याची हौस उरत नाही, निदान आमची तरी उरली नाही.

*प्रश्न: राजस्थानात ‘पीवणा’ नावाचा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन त्याला मारतो, असे सांगतात. यात तथ्य किती? आणि वाळूवरच्या खुणांवरून साप ओळखता येतात काय? (छत्रपती संभाजीनगर)*

श्वास पिणारा साप नाही, पण मृत्यू खरे आहेत. या समजुतीमागे मण्यार आहे, आणि थारमध्ये तिची सिंधी मण्यार ही जात आढळते. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश इतका सौम्य असतो की पुष्कळदा झोपमोडही होत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. विष मज्जातंतूंवर काम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. सकाळी घरच्यांना जखम नसलेला, श्वास कोंडून गेलेला माणूस दिसतो. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष तेवढा चुकला. अशा भागात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे. दंशाची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

खुणा जरूर वाचता येतात, मात्र वारा सुटण्यापूर्वी. वाळूवर एकमेकींना समांतर, तिरप्या, टोकाशी वळलेल्या सुट्या रेघा दिसल्या तर तेथून फुरसे आडवे सरकत गेले आहे. थारमधले फुरसे कोकणातल्यापेक्षा मोठे असते. वेटोळी एकमेकांवर घासून ते करवतीसारखा खरखराट करते, तो ऐकू आला की आहे तेथेच थांबून मागे सरावे. मधोमध शेपटीची रेघ आणि दोन्ही बाजूंना पायांचे ठिपके असतील तर सरडा. रेघेशिवाय ठिपक्यांच्या दोन रांगा असतील तर बहुधा भुंगेरा. एकाच जागी सुरू होऊन एकाएकी संपणारी नागमोडी, किंचित उचललेली रेघ ही वाळूखालून पोहत गेलेल्या सापसुरळीची असते. हिच्या पायांना तीन-तीनच बोटे असून तोंड पाचरीसारखे असते. खूण जेथे संपते तेथेच ती असण्याचा संभव असतो, पण उकरू नये. फुरसेही अंग वाळूत पुरून बसते.

*प्रश्न: आम्हाला राजस्थान परवडत नाही. जवळपास असे काही पाहायला मिळेल का? (सातारा)*

आपल्या दारातच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी जावे. तेथे निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगाचा गळ्याचा पंखा फुलवून दगडावर उभे असलेले नर दिसतील. 2016 साली या सरड्यांचे नवे कुल (जवळच्या जातींचा गट) ठरवले गेले, तेव्हा त्याला चक्क ‘सरडा’ हेच मराठी नाव मिळाले. तेथील पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी फिरकतात. त्यामुळे तेथे हे सरडे संख्येने अधिक आहेत, माणसाला जास्त जवळ येऊ देतात, आणि त्यांच्या पंख्याचे रंगही काहीसे फिके आहेत, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेव्हा पवनचक्क्यांपाशी आणि त्यांच्यापासून दूर अशा दोन्ही ठिकाणी बसून पाहावे, आणि फिका नर दिसला म्हणून वहीत लगेच दुसरी जात नोंदवू नये.