दाताच्या दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरमधून पेशंटच्या सगळ्या औषधांची प्रिंट कशी काढायची? माझ्याकडे फक्त शेवटची चिठ्ठी येते.

बहुतेक तारखेचा फिल्टर ‘आज’वर अडकलाय. पेशंटची फाइल उघडा, औषधांच्या यादीत तारीख मोकळी सोडा आणि प्रिव्ह्यू बघूनच प्रिंट द्या. लाइटचा भरवसा नाही, पीडीएफही सेव्ह करून ठेवा.

खरी गोची वेगळीच आहे. सॉफ्टवेअर बऱ्याचदा आपण लिहून दिलेलीच औषधं छापतं. आमच्याकडे लातूरला एक आजोबा दाढ काढायला आले. प्रिंट कोरी, आणि पिशवीत रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची अर्धी स्ट्रिप! त्यावर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असतं तर रक्त आणखी पातळ झालं असतं. त्यामुळं बाहेरची औषधं, अ‍ॅलर्जी आधी मेडिकल हिस्ट्रीत टाका. ती छापायची टिक प्रिंट सेटिंगमध्ये वेगळी असू शकते, तेवढी बघा.