देवाकडे हजेरीपत्रक नाही

प्रिय लेकी,
सलाम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. शनिवारी वस्तीतल्या मुलांचा वर्ग, रविवारी उपासनेनंतर रुग्णालयातल्या भेटी, मधेच तरुण संघाच्या बैठका. आणि एवढं करूनही रात्री पाठ टेकली की वाटतं, देव अजून आपल्यावर खूश नाही. तुझा मित्र मात्र म्हणतो, विश्वास ठेवला की झालं. दोघांनाही शास्त्रातून वचनं सापडली यात नवल नाही. माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, असं बायबलमध्ये पौल रोमकरांना लिहितो. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, असं याकोब लिहितो. आणि दोघंही साक्षीला उभं करतात ते अब्राहामालाच.

पण केव्हाचा अब्राहाम, ते बघ. पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय उघडतो: मूलबाळ नाही, सुंता अजून व्हायची आहे, देव आकाशातले तारे मोजायला सांगतोय आणि हा माणूस त्याच्या शब्दावर भरवसा टाकतो. याकोब तेच वचन घेतो, पण बोट ठेवतो बाविसाव्या अध्यायावर, आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवणाऱ्या अब्राहामावर. मधे कितीतरी वर्षं गेली आहेत. पौल नात्याच्या सुरुवातीबद्दल बोलतोय, याकोब त्या नात्यातल्या पुढच्या जगण्याबद्दल. याकोबासमोर कोण होते? अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, अशा भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून वाटेला लावणारे. त्यांची शिकवण चुकीची नव्हती. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब त्यांना सुनावतो. याकोबाच्या पत्राचा हा दुसरा अध्याय तुझ्या मित्राने वाचायला हवा.

प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर, त्याला याकोबाचं पत्र पचलं नव्हतं. १५२२ मध्ये त्याने त्याला पेंढ्याचं, म्हणजे फारसा कस नसलेलं, पत्र म्हटलं. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की खरा विश्वास सत्कृत्यं करावीत का असं विचारत बसत नाही, प्रश्न निघायच्या आत ती करून मोकळा होतो. १९९९ साली ऑग्सबर्गला ल्यूथरन आणि कॅथलिकांनी माणूस नीतिमान कसा ठरतो याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्यातही हेच आहे: देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेने, आपल्या पात्रतेमुळे नव्हे, आणि तोच सत्कृत्यांसाठी बळ देतो. यासाठी शेकडो वर्षं भांडणं झाली याचं मला वाईट वाटतं.

तुझं पत्र वाचताना मात्र मला सारख्या पंडिता रमाबाई आठवत होत्या. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींकडे, असताना लंडनला त्यांनी पाहिलं, की समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना या सिस्टर जवळ करतात आणि त्यांतल्याच काही जणी पुढे आजाऱ्यांची सेवा करतात. हे तुम्हाला का करावंसं वाटतं, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू विहिरीपाशी जिच्याशी आपणहून बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. १८८३ मध्येच रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. आणि तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या आपल्या साक्षीत लिहितात. सदन चालू, विधवांचं शिक्षण चालू, देशोदेशी नाव झालेलं, आणि बाई आतून अस्वस्थ! पुढे मनाला तो भरवसा मिळाल्यावर त्यांनी काम कमी केलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती हे त्यांचं आश्रयस्थान उभं राहिलं. मला वाटतं, तेव्हा त्या कामातून स्वतःसाठी काही कमवायचं उरलंच नव्हतं, म्हणून एवढा भार त्यांना पेलला.

म्हणून कामं सोड असं मी सांगणार नाही. एकच विचारते. तापाने एखादा वर्ग बुडाला, तर तुला मुलांची काळजी वाटते की देवाच्या नाराजीची? देवाकडे तुझं हजेरीपत्रक नाही, लेकी. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर बसलेला असताना येशूने त्याला हाक मारली आणि आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला. त्याआधी येशूने त्याच्याकडे कसलाच हिशेब मागितला नव्हता. शिवाय वस्तीतली ती मुलं तुझ्या तारणाची सोय नव्हेत. आपल्याला कुणी पुण्यासाठी जवळ घेतंय की खरोखर जीव लावतंय, हे मुलांना बरोबर कळतं.

तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, कर्मांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं-नववं वचन तुला पाठ असेलच. दहाव्यापर्यंत वाच. ती सत्कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली आहेत, असं पौल तिथे म्हणतो. सगळी तुझ्या एकटीच्या नावावर टाकलेली नाहीत.

शनिवारचा वर्ग चालू ठेव, त्यात तुझा जीव आहे हे पत्रातून दिसतं. रुग्णालयाच्या भेटी महिनाभर तुझ्या मित्राकडे दे. पहिल्या रविवारी तू सोबत जा, अनोळखी खाटेशेजारी काय बोलायचं ते त्याला लगेच सुचणार नाही. पुढच्या रविवारी तो गेला की तू घरी झोप काढ.

तुझी,
मावशी