नाशिकमध्ये राहून मुंबई बंदरातली जहाजं बघण्याचा छंद जोपासता येईल का? मालवाहू जहाजं, फेरीबोटी आणि जतन केलेली जुनी जहाजं कुठून नीट दिसतात?

येईल की. नाशिकला समुद्र नसला तरी पंचवटी एक्सप्रेस आहे. सकाळी नाशिकरोडला बसलात की दुपारच्या आत सीएसएमटी, आणि संध्याकाळी तीच गाडी परत. मालवाहू जहाजं आणि फेरीबोटी तेवढ्या वेळात भरपूर बघून होतात. जुन्या जहाजांचं उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही, ते शेवटी सांगतो.

गेटवेच्या कठड्याला टेकून जहाजं बघता येत नाहीत. तिथून लाँचा दिसतात, मोठी जहाजं दूर धुरकट. बंदर आतूनच बघायला हवं, आणि त्याचा स्वस्त मार्ग म्हणजे प्रवासी लाँच. सगळे घारापुरीची सुचवतील. ती वाईट नाही (सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा), पण निम्मी लाँच सीगलना कुरकुरे भरवण्यात गुंतलेली असते. माझी पसंती भाऊच्या धक्क्याहून उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचला. सीएसएमटीहून हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरायचं, तिथून धक्का जवळ आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, कारण मोठ्या ओहोटीला गाळामुळे मोऱ्याला लाँच लागत नाही आणि फेऱ्या थांबतात. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा बंद होतात. तेव्हा भाऊच्या धक्क्याहूनच सुटणारी मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी फेरीबोट, घ्या. २०२० पासून सुरू असलेली ही बोट चांगली उंच आहे, वरच्या डेकवरून लांबवर नजर जाते.

लाँच धक्क्यापासून सुटली की आधी नांगरलेल्या जहाजांची तोंडं बघा. वारा फार नसेल तर सगळी एकाच दिशेला असतात, कारण नांगरावरचं जहाज पाण्याच्या ओढीकडे तोंड करून राहतं. भरती फिरली की हळूहळू सगळी वळतात. जहाजाच्या बुडाचा तांबडा रंग पाण्याच्या बराच वर दिसत असेल तर ते रिकामं किंवा हलकं आहे. अशा वेळी पुढच्या टोकाखालचा गोल फुगवटाही उघडा पडतो.

प्रकार ओळखायला फार वेळ लागत नाही. डेकभर पाइप आणि मध्यावर छोटी क्रेन असेल तर टँकर. असे टँकर जवाहर द्वीपाच्या धक्क्यांना लागलेले असतात. ते तेलाचं बेट आहे, तिथे उतरता येत नाही. डेकवर सपाट मोठी झाकणं आणि त्यांच्यामध्ये क्रेन दिसल्या तर कोळसा, खत, धान्य असा सुटा माल नेणारं बल्क कॅरिअर. खिडक्या नसलेलं, बुटाच्या खोक्यासारखं उंच जहाज दिसलं तर ते मोटारी नेणारं. कंटेनर जहाजांसाठी नजर पलीकडच्या न्हावा शेव्याकडे न्या. १९८९ पासून चालू असलेल्या त्या बंदराच्या उंच क्रेन लाँचमधून स्पष्ट दिसतात. रंगावरून जहाज कंपनी ओळखता येते: फिकट निळं जहाज आणि पांढरी सप्तकोनी चांदणी म्हणजे मर्स्क, हिरवं म्हणजे एव्हरग्रीन, गुलाबी-जांभळं म्हणजे ‘वन’ (ONE). जानेवारी ते एप्रिल गेलात तर एका टोकाला यंत्र बसवलेले, बहुधा पांढरे कंटेनर शोधा. ते रीफर, म्हणजे थंड कंटेनर. निफाड-दिंडोरीची द्राक्षं त्यातूनच युरोपला जातात.

नाव टिपून घ्याच, पण त्याहून महत्त्वाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. जहाज विकलं, नाव बदललं, झेंडा पनामाचा लायबेरियाचा झाला, तरी हा सात आकडी क्रमांक जन्मभर तोच. आकडा बरोबर वाचला का, हे ताडूनही बघता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा हाच क्रमांकाचा सातवा आकडा. उदाहरणार्थ ९०७४७२९ ची बेरीज १३९ येते, शेवटी ९. लाँचमध्ये हा उद्योग करताना लोक बघतात, बघू द्या.

घरबसल्या मरीन ट्रॅफिकसारखं अ‍ॅप वापरा. मालवाहू जहाजं हिरवी, टँकर लाल दिसतात. आदल्या रात्री बंदरात कोण आहे ते कळतं आणि खेप वाया जात नाही. मात्र नौदलाची जहाजं आणि छोट्या लाँचा त्यात शोधू नका. नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा तर अजिबात वळवू नका.

आता जुनी जहाजं. मुंबईत जतन केलेलं एकही मोठं जहाज उरलेलं नाही, आणि या शहराला ते शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जुनी विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये भंगारात गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. विराट ही दुसरी विमानवाहू नौका २०२० मध्ये तोडण्यासाठी गुजरातमधल्या अलंगला गेली. गंमत म्हणजे मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ ची ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही शाबूत आहे, पण इंग्लंडमध्ये, हार्टलपूलला. भारतातच बघायचं तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा पाणबुडी. तिच्या आत शिरून फिरता येतं.

दुर्बीण घेणार असाल तर सात किंवा आठ पटीची घ्या. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हलत्या लाँचमध्ये स्थिर राहत नाही. आणि लाइफ जॅकेट दिलं की चढवा. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा समुद्र खवळलेला नव्हता.