कागद आधी, लग्न मग

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते आणि बी.कॉम. करून पतसंस्थेत कॅशियर म्हणून काम करते. आम्ही मराठा, पप्पांची मार्केट यार्डात आडत आहे. ज्याच्याशी मला लग्न करायचंय तो बौद्ध आहे, २४ वर्षांचा, वीज कंपनीत वायरमन. त्याची आई अंगणवाडीत मदतनीस आहे. घरी कळल्यापासून माझा मोबाईल आणि सगळी कागदपत्रं पप्पांच्या कपाटात आहेत. कामावर भाऊ सोडतो आणि तोच न्यायला येतो. तुळशीचं लग्न झालं की आत्याच्या मुलाशी माझं उरकायचं ठरलंय. मागच्या महिन्यात पप्पा आणि चुलते त्याच्या ऑफिसबाहेर जाऊन लोकांदेखत त्याला जातीवरून बोलले. त्याचे मामा म्हणतात, ॲट्रॉसिटी घाला. एक मित्र म्हणतो, आळंदीला एजंट आहे, एका दिवसात काम होतं. मॅडम, मला पप्पांवर केस नको आहे. मी काय करू?

उत्तर : मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की तू काही चुकीचं किंवा बेकायदा करते आहेस. मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा झाला की कुणाशी लग्न करायचं हे त्या दोघांनी ठरवायचं. आईवडिलांची संमती कायद्यात कुठेही मागितलेली नाही. लता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं की आंतरजातीय लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्याला त्रास होणार नाही हे पोलिसांनी पाहायचं. शक्ती वाहिनी प्रकरणात २०१८ मध्ये त्याहून पुढे जाऊन प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा असे निर्देश दिले. हे संरक्षण लग्न झालेल्यांनाच आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, लग्न करू इच्छिणाऱ्यांनाही ते मिळतं आणि पोलीस बंदोबस्तात लग्न लावून घेण्याची सोयही त्यात आहे.

कायदा तुझ्या बाजूने आहे, पण मला काळजी आहे ती क्रमाची. माझ्याकडे येणारी बहुतेक जोडपी लग्न लावून, हार गळ्यात घेऊनच येतात आणि मग कागद शोधायला लागतात. तू उलटं कर. तुझ्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंतचा वेळ आहे, तो पुरेसा आहे.

कपाटातल्या कागदांसाठी कपाट फोडायची गरज नाही. जन्मदाखला नगरपालिकेतून निघतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत शाळेतून मिळते, पण छोट्या गावात हेडमास्तर तुझ्या पप्पांच्या ओळखीचे निघायची शक्यता जास्त, म्हणून आधी नगरपालिका. आधार केंद्रात अंगठा देऊन आधारची छापील प्रत काढता येते, त्यासाठी जुना मोबाईल हातात असायला लागत नाही. पगाराच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलेला आहे तेही बघ. आणि घरातलं सोनं, अगदी तुझ्या नावाने केलेल्या बांगड्यासुद्धा, घेऊन निघू नकोस. मुलगी गेली की दुसऱ्या दिवशी चोरीची फिर्याद येते आणि त्यात नाव मुलाचं असतं. त्याची नोकरी त्या एका फिर्यादीने अडचणीत येईल.

आता लग्न कोणत्या कायद्याने? विशेष विवाह कायदा, १९५४ चांगला आहे, पण त्यात तीस दिवसांची नोटीस आहे. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लागते आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्या जिल्ह्याचं कायमचं रहिवासी असेल तर तिची प्रत तिकडेही जाते. म्हणजे पुण्यात जाऊन नोटीस दिली तरी ती सांगलीत लागणार. अशी नोटीस लावायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर असावं, असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला, पण आपल्याकडच्या कार्यालयात त्यावर विसंबू नकोस. तालुक्याच्या गावात त्या फळ्यावरचं नाव संध्याकाळपर्यंत मार्केट यार्डात पोचतं. म्हणून तुला मी हा रस्ता सुचवणार नाही.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता सरळ आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. तू हिंदू आणि तो बौद्ध, तरी तुमचं लग्न याच कायद्याखाली होतं. कुणीही धर्म बदलायचा नाही, आणि नोटिशीची भानगडही नाही. कार्यालयातला एखादा कारकून सांगेल की हिंदू-बौद्ध असेल तर विशेष विवाहच करावा लागतो. ते खरं नाही. कायद्याची अट एवढीच की दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला पाहिजे. त्यांच्याकडच्या बौद्ध पद्धतीने लग्न लागलं तरी ते पक्कं, तुमच्याकडच्या पद्धतीने सप्तपदी झाली तरी पक्कं.

विधी मात्र खरोखर झाला पाहिजे. एजंटकडे मला हीच भीती वाटते. आळंदीत लागलेली चांगली लग्नंही मी पाहिली आहेत. पण ‘एका दिवसात काम’ म्हणणारा माणूस कधी कधी नुसता हार घातलेला फोटो आणि एक छापील सर्टिफिकेट हातात ठेवतो. विधीच झाला नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. उद्या तुझ्या घरच्यांचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवील. म्हणून विधीचे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फोटो आणि व्हिडिओ हवेत, लग्न लावणाऱ्याचं नाव-पत्ता हवा, तुमच्या ओळखीचे तीन साक्षीदार हवेत, भाड्याने आणलेले नकोत. मग लगेच नमुना ‘ड’ भरून विवाह नोंदणी.

घर सोडायच्या आधी एक अर्ज लिहून ठेव, स्वतःच्या अक्षरात. मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने चालले आहे, सोबत घरातली कोणतीही वस्तू किंवा दागिना नेलेला नाही, मला आणि अमुक कुटुंबाला अमुक जणांपासून धोका आहे. त्याची प्रत पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्यायची आणि पोच घ्यायची. अर्जात त्याच्या आईचं, वस्तीतल्या घराचं नाव घालायला विसरू नकोस. तुम्ही दोघं लांब कुठेतरी असाल, मोबाईल बंद असतील, आणि ती बाई सकाळी दहाला अंगणवाडी उघडायला एकटी जाईल. राग तिच्यावर निघतो. संरक्षण मागताना जोडपी हे घर विसरतात, आणि मला ते दर वेळी टोचतं.

हा अर्ज म्हणजे लगेच पप्पांवर केस नाही. धोका किती खरा आहे याची प्राथमिक चौकशी करून आठवड्यात अहवाल द्यावा, असं शक्ती वाहिनीच्या निर्देशांत आहे. धोका खरा निघाला तर धमकावणाऱ्यांवर गुन्हा नोंदवायलाही त्यात सांगितलं आहे, हे मी लपवणार नाही. एरवी पोलीस तुझ्या चुलत्यांना बोलावून चॅप्टर केस करू शकतात, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात. पोलिसांनी दाद दिली नाही तर उच्च न्यायालय आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं आणि सांगली जिल्हा त्यातच येतो, तेव्हा मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

पप्पा मिसिंग दाखल करतील हे धरून चाल. पोलिसांचा फोन आला की घाबरून गावच्या ठाण्यात जायचं नाही. जिथे आहेस तिथल्या ठाण्यात वकिलासोबत जाऊन जबाब दे. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीला माहेरच्या ठाण्यात हजर व्हायला सांगणाऱ्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फटकारलं आहे. पळवून नेल्याचा गुन्हा नोंदवला असेल तर जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच घ्या, असा आग्रह धर.

ॲट्रॉसिटीबद्दल मी तुला गोड उत्तर देणार नाही. तुझ्या पत्रावरून जे घडलं ते चार लोकांसमोर, जातीचं नाव घेऊन झालं. तो गुन्हा आहे, आणि तक्रार करायची की नाही हा हक्क त्याचा आहे, तुझा नाही. तुझ्यासाठी त्याने ते गिळावं असं त्याच्याकडून वदवून घेऊ नकोस. लग्नाला होकार मिळवायचं हत्यार म्हणून ती केस करू नये, एवढंच मी मामांना सांगेन. अपमान झाला म्हणून करायची असेल तर खुशाल करावी. त्या कायद्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे, म्हणून तुझ्या घरात त्याचा काय परिणाम होईल हे आधी दोघांनी बसून बोला.

घरचे कुठल्याही कागदावर सही मागतील. शेतीचं हक्कसोडपत्र असेल, कोरा स्टॅम्प असेल. करू नकोस. जातीबाहेर लग्न केल्याने वडिलोपार्जित जमिनीतला मुलीचा हिस्सा जात नाही. पप्पांनी स्वतः कमावलेलं ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, तो त्यांचा अधिकार. तुझी जात लग्नाने बदलत नाही, त्याचीही नाही. समाजकल्याण विभागाकडून आंतरजातीय विवाहासाठी ५०,००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज घडी बसल्यावर कर.

आता जे सांगते ते दोनदा वाच. लग्नानंतर फोन येईल. आई आजारी आहे, झालं गेलं विसरू, एकदा येऊन जा, मानाने करून देतो. तो फोन खराही असेल. पण डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात लग्नानंतर काही महिन्यांनी आई आणि भाऊ मुलीच्या घरी भेटायला आले. ती आनंदाने चहा ठेवायला उठली, आणि भावाने तिथेच तिचा जीव घेतला. तुझे घरचे तसे आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना पाहिलेलंही नाही. एकटीने जायचं नाही आणि एकटी असताना दार उघडायचं नाही, एवढं मला शब्द देऊन सांग.

वकिलाच्या फीची चिंता करू नकोस. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तुम्ही दोघंही त्यात बसता. १५१०० वर फोन कर, पतसंस्थेतल्या मैत्रिणीच्या मोबाईलवरून. जिवावर बेतलं तर ११२.

पप्पांना भेटावंसं वाटेलच. मग भेट वकिलाच्या ऑफिसात ठेव, दुपारची, दार उघडं ठेवून. माझ्याकडे अशी एक भेट झाली होती. मुलीचे वडील दोन तास खाली मान घालून बसले, जावयाकडे एकदाही पाहिलं नाही. उठताना त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकचं फोल्डर काढून टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. आत तिची दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं होती.

तुझी मात्र कपाटातून निघायची वाट बघू नकोस. सोमवारी नगरपालिकेत जा.