आकडा आधी पायांना कळू द्या

तुम्ही लिहिलंय की साडेपाच वर्षांच्या लेकीसाठी प्राण्यांच्या वेगाचा तक्ता आणलात. 'चित्ता ताशी ११०, शहामृग ताशी ७०' हे तिने दोन दिवसांत पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "मग हत्ती ताशी किती मोठा?" धाकटा तीन वर्षांचा आहे, त्यालाही सोबत घ्यायचंय. कुठे चुकतंय, असा तुमचा प्रश्न आहे.

लेकीचं काहीच चुकलेलं नाही. 'ताशी ११०' समजायला किलोमीटर माहीत हवा आणि तासही माहीत हवा. साडेपाच वर्षांच्या मुलीने किलोमीटर कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, आणि तास म्हणजे तिच्या लेखी नुसता 'खूप वेळ'. मी बरीच वर्षं लहान मुलांचे निसर्ग-उपक्रम घेते आहे, आणि माझं आता ठाम मत झालंय की साधारण आठ वर्षांपर्यंत 'ताशी' हा शब्द काढूच नये. 'एका सेकंदात कुठवर?' आणि 'एका मिनिटात कुठवर?' एवढे दोनच प्रश्न घ्या. सेकंद टाळीने मोजता येतो, मीटर मोठ्या माणसाच्या लांब ढांगेने.

मोकळ्या जागेत खडूने एक रेघ मारा. लेकीला मागून पळत येऊ द्या. रेघ ओलांडली की एक टाळी, 'एक हजार एक' म्हणून झालं की दुसरी. दुसऱ्या टाळीला ती जिथे असेल तिथे तिच्या नावाची खूण करा. बहुतेक मुलं तीन-चार मीटरवर असतात. आता त्याच रेघेपासून सात ढांगा मोजा आणि तिथे हत्ती लिहा. थायलंडमधल्या हत्तींच्या चालीचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जोरात निघालेला हत्ती सेकंदाला जवळजवळ सात मीटर जाताना आढळला. मग सतरा ढांगांवर चित्ता. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादी चित्त्याने २०१२ मध्ये १०० मीटर अंतर ५.९५ सेकंदांत कापलं होतं. त्याची सरासरी काढली की सेकंदाला सतरा मीटर येतात. (माणसाचा विक्रम ९.५८ सेकंदांचा, २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने केलेला. हे मोठ्या मुलांना सांगा, त्यांना बोल्ट माहीत असतो.)

यानंतर घाई करू नका. लेकीला स्वतःच्या खुणेपासून चित्त्याच्या खुणेपर्यंत चालत जाऊ द्या. तिथे पोहोचून ती मागे वळून बघते, तो क्षण महत्त्वाचा. एका टाळीपासून दुसऱ्या टाळीपर्यंत एवढं अंतर, हे तिला तेव्हा कळतं. जागा मोठी असेल तर सूर मारणाऱ्या बहिरी ससाण्यासाठी ऐंशी ढांगा मोजा. तिथून तुम्ही तिला एवढेसे दिसाल.

पण माझा खरा आग्रह आहे तो हळू प्राण्यांसाठी. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर राहणारा स्लॉथ हा प्राणी फांद्यांवरून मिनिटाला साधारण चार मीटर सरकतो. चार मीटरवर रेघ मारा आणि लेकीला सांगा, न थांबता चालायचं, पण मिनिट पूर्ण व्हायच्या आत रेघेला पोहोचायचं नाही. हे फार अवघड आहे. मुलं दहा सेकंदांत पोहोचतात आणि पुन्हा सुरुवात करतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाय थरथरायला लागतात, श्वास सावकाश होतो आणि हळू चालायलाही ताकद लागते हे अंगाला कळतं. तेवढ्यात सांगून टाका की स्लॉथ पानं खाऊन जगतो, पानांतून शक्ती थोडीच मिळते, म्हणून तो ती जपून वापरतो. शिवाय इतक्या संथ हालचालीमुळे तो वरून टेहळणाऱ्या हार्पी गरुडाच्या नजरेत सहजासहजी येत नाही. त्याच्या केसांत शेवाळही वाढतं, त्यामुळे तो पानांत आणखीच मिसळून जातो.

गोगलगाय सेकंदाला एखादा मिलिमीटर सरकते. म्हणजे मिनिटाला सहा सेंटिमीटर, लेकीच्या बोटापेक्षा थोडं जास्त. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो, पण मुलांना ती शब्दशः सांगा, कारण ती शब्दशः खरीच आहे. तिचं पोट हाच पाय. मराठी प्राणिशास्त्रात या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात. स्वतःच सोडलेल्या चिकट द्रवावरून तो पाय पुढे सरकतो. काचेवर गोगलगाय ठेवून खालून बघितलं तर पायात एकामागून एक उठणाऱ्या लाटा दिसतात. हे एकदा पाहिलेलं मूल तिला 'आळशी' म्हणत नाही.

या शब्दाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना पळायला लावून त्यांचे क्रम काढायचे आणि प्रत्येकाला जवळच्या वेगाचा प्राणी द्यायचे. मागे राहिलेल्या एका मुलाला बाकीचे 'कासव' म्हणायला लागले आणि ते नाव त्याला वर्षभर चिकटलं. चूक माझी होती. तेव्हापासून मी मुलांची एकमेकांशी तुलना करत नाही. प्रत्येक मूल फक्त स्वतःच्या खुणेशी तुलना करतं. तुमच्याकडे दोन भावंडं आहेत, त्यामुळे हे पहिल्या दिवसापासून पाळा.

वेग सांगितला की त्याला जोडून 'किती वेळ?' हा प्रश्न विचारायची सवय लावा. तक्त्यात नेमका हाच नसतो. बोत्स्वानातल्या रानटी चित्त्यांच्या गळ्यात वेग नोंदवणारे पट्टे बांधून त्यांची धाव मोजली गेली आणि ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. सर्वांत जास्त वेग ताशी ९३ किलोमीटर निघाला, पण बहुतेक पाठलाग त्याहून बरेच सावकाश होते आणि सरासरी पावणेदोनशे मीटरच्या आसपास संपत होते. शिकार साधते ती झटकन वेग पकडण्यावर, झटकन कमी करण्यावर आणि वळण्यावर. म्हणून लेकीला नुसतं सरळ पळवू नका, मध्ये चपला ठेवून त्यांना वळसे घालत पळू द्या. वळताना वेग का कमी करावा लागतो, हे तिला सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या टोकाला गॉडविट हा लांब चोचीचा पक्षी. त्यातल्या पट्टेरी शेपटीच्या जातीच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर प्रवास अकरा दिवसांत, कुठेही न उतरता केला. सरासरी काढली तर ताशी पन्नासच्या आसपास येते, म्हणजे तक्त्यात तो कुठल्या कुठे खाली जाईल. लेकीला विचारा, सोमवारी सकाळी उडालेला पक्षी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत उडतोय, तर तो जलद की हळू? मी मुलांना याचं उत्तर देत नाही. त्यांना वाद घालू देते.

तक्त्यांवर फार विसंबू नका हेही सांगते. सेलफिश माशापुढे अजून ताशी ११० लिहिलेलं असतं, पण अलीकडच्या मोजण्यांत तो त्याच्या निम्म्यालाही पोहोचलेला नाही. बहिरी ससाण्याचा ताशी ३०० हून जास्त वेग खरा, पण तो सूर मारताना, म्हणजे खाली झेपावताना. पंख मारत सरळ उडण्यात पाकोळी त्याला भारी पडते, तिचा ताशी १११ किलोमीटर वेग २०१० मध्ये मोजला गेलाय. खाली येणं आणि समोर जाणं एकाच रांगेत लावणं मला पटत नाही.

लेक सात-आठ वर्षांची झाली की 'अंगाच्या किती पट?' हा खेळ काढा. तिला जमिनीवर झोपवून उंचीची खूण करा. सेकंदाला ती स्वतःच्या साधारण तीन-चार उंच्या पळते. चित्ता भर वेगात असताना सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या वीसेक पट जातो. सहारातली रुपेरी मुंगी १०८ पट. तिळाएवढा एक कोळीवर्गीय माइट ३२२ पट. ऑस्ट्रेलियातला टायगर बीटल नावाचा भुंगेरा सेकंदाला अडीच मीटर पळतो. हे भुंगेरे इतके जोरात धावतात की धावताना त्यांना भक्ष्य नीट दिसेनासं होतं. मग थांबायचं, बघायचं आणि पुन्हा पळायचं. मुलांना हा फार आवडतो.

धाकट्याला आकडे अजिबात नकोत, त्याला क्रियापदं द्या. मुंगी तुरुतुरु जाते, पाल सरसर चढते, मासा सुळकन निसटतो, बेडूक टुणकन उडी मारतो, हत्ती डुलत येतो, घोडा चौखूर उधळतो. प्रत्येक शब्द त्याने अंगाने करून दाखवायचा. चौखूर म्हणजे चारही खूर. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले दिसले. आणि तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार रंगवायचे तसे पुढेमागे ताणलेले नव्हे. उलट हत्ती कितीही वेगात असला तरी त्याचा एखादा पाय जमिनीवर असतोच. धाकट्याला हत्ती व्हायला सांगा, एक पाय टेकलेला ठेवून घाई करायची. मग घोडा, दोन्ही पाय सुटू द्यायचे. लेकही त्यात सामील होईल.

उद्यापासूनच सुरुवात करायची तर भिंतीवरची मुंगी घ्या. हात लावायचा नाही. ती निघाली तिथे पेन्सिलने ठिपका, मग तिच्यामागून हलक्या हाताने रेघ ओढत राहायची, तीस सेकंद झाले की थांबायचं. रेघ वाकडीतिकडी येणार, म्हणून तिच्यावर दोरा बसवा, दोरा सरळ करा आणि पट्टीवर मोजा. दोऱ्याला तारखेची चिठ्ठी लावून तक्त्याखाली टांगा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुंगीचा दोरा शेजारी येऊ द्या, आणि दोन्ही सारखे का नाहीत ते लेकीलाच विचारा.