सिस्टरताई, ब्लाउज पूर्वीसारखा बसेल का?

प्रश्न: नमस्कार सिस्टरताई, वय 46, दांडिया बाजार, बडोदा. नाव छापू नका प्लीज. उजव्या ब्रेस्टमध्ये कॅन्सर निघालाय, किमो चालू आहे, ती संपली की पूर्ण ब्रेस्ट काढणार आणि मग रेडिएशन. सर्जन म्हणाले हवं असेल तर रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे ब्रेस्ट परत बनवणं, होतं, विचार करून सांगा. इम्प्लांट, फ्लॅप असं भराभरा काय काय सांगितलं, मी नुसती मान हलवली. सासूबाई म्हणतात जीव वाचतोय ना, मग हे थेर कशाला. मिस्टर म्हणतात तुला हवं ते कर, म्हणजे काहीच सांगत नाहीत. आणि हसू नका, पण दर नवरात्रात मी नऊच्या नऊ रात्री गरबा करते, बॅकलेस चोळी घालून. ते परत जमेल का?

उत्तर: हसते कशाला गं, बडोद्यात राहून गरब्याचं नाही विचारायचं तर कशाचं विचारायचं. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली, त्यातलं जे बायका मला रात्री दोन वाजता विचारायच्या ते आधी सांगते.

हात लावला तर तिथे कळेल का, हे विचारायच्या. तर बहुतेक नाही कळत. ब्रेस्ट काढताना कातडीच्या नसा तुटतात, नंतर कडेकडेने थोडं परत येतं कुणाकुणाला, पण पूर्वीसारखं नाही. जे बनतं तो एक आकार असतो, ब्लाउजमध्ये छान दिसतो, मिठीत मात्र बधिर. आमच्याकडे एक बाई थंडीत खांदा आखडला म्हणून गरम पाण्याची पिशवी छातीवर घेऊन झोपल्या, सकाळी फोड आलेले, त्यांना पत्ताच नाही. म्हणून नंतर शेकायची पिशवी, हीटिंग पॅड तिथे ठेवायचं नाही म्हणजे नाही, आणि शेगडीशी वाकताना पण जरा सांभाळून.

आता प्रकार. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनचं, बऱ्याचदा आधी एक रिकामी पिशवी बसवतात, एक्सपांडर, त्यात दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईने सलाइन भरत कातडी ताणतात आणि मग दुसऱ्या ऑपरेशनला खरं इम्प्लांट. ऑपरेशन लहान, पोटाला-पाठीला धक्का नाही, पण इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं. आणि तुला रेडिएशन आहे ना, त्याने इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळतं, ते कडक होतं, दुखतं, वाकडं दिसतं. सगळ्यांचं होतं असं नाही पण रेडिएशनवाल्यांचं जास्त होतं, म्हणून तुझ्या केसमध्ये सर्जनला हे नक्की विचार.

दुसरा प्रकार आपलंच मांस, त्यालाच फ्लॅप म्हणतात. पोटाखालची कातडी आणि चरबी काढून वर आणतात. त्यात डीआयईपी नावाचा जो आहे त्यात पोटाचा स्नायू जागेवर ठेवून बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडतात. सहा-आठ तास सहज जातात, जास्तही. पहिल्या रात्री सिस्टर तासातासाला येऊन रंग बघेल, गरम आहे का बघेल, डॉपलर लावून ठोके ऐकेल, तू झोपेतून उठून वैतागशील पण तिच्यावर ओरडू नकोस, रक्त अडकलं तर ते त्या तासांतच पकडावं लागतं. क्वचित अख्खा फ्लॅप काढावा लागतो, हे आधी माहीत असलेलं बरं. कंबरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत व्रण येतो, साडीत झाकतो, आणि दीड-दोन महिने बादली, गॅसचा सिलेंडर, नातवंड काही उचलायचं नाही.

तिसरा पाठीचा, लॅटिसिमस. स्नायू आणि कातडी काखेखालून पुढे वळवतात, रक्तवाहिनी तोडावीच लागत नाही म्हणून भरवशाचा, पण एकटा पुरत नाही कधीकधी, खाली इम्प्लांट लागतं. आणि इथे तुझी चोळी आली! पाठीवर व्रण येतो. तो ब्राच्या पट्ट्याखाली बसवता येतो बऱ्याचदा, पण बॅकलेसचं सर्जनला ऑपरेशनच्या आधी सांग, चोळी घेऊनच जा, मार्किंग करताना त्यांना कळू दे. लाजू नकोस, त्यांनी याहून चमत्कारिक ऐकलेलं असतं.

आत्ताच करायची घाई नाही. रेडिएशन झाल्यावर बरेच सर्जन निदान सहा महिने थांबतात, वर्षांनंतरही करता येतं. तोवर ब्राच्या खिशात घालायचा सिलिकॉनचा फॉर्म मिळतो, आणि काही जणी सपाटच राहतात, मजेत राहतात. सासूबाईंना म्हणावं कॅन्सर परत यायचा याच्याशी संबंध नाही, बाकी त्यांनी यात पडू नये. मिस्टरांना मात्र पुढच्या वेळी सर्जनकडे घेऊन जा, फोटो बघू देत, ड्रेन बघू देत.

ड्रेन म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, तिला बाटली. घरी पण येते, रोज किती एमएल ते वहीत लिहायचं, साधारण 30 च्या खाली आलं की काढतात. पुढून बटणाचे गाऊन शिवून ठेव, बाटलीला कापडी पिशवी. निप्पल सगळ्यात शेवटी, काही महिन्यांनी, छोटं ऑपरेशन किंवा टॅटू. दुसरी बाजू जुळवायला तिलाही थोडं उचलतात कधी, म्हणजे एका ऑपरेशनात संपत नाही हे.

आणि मिश्री लावत असशील, बजर, काहीही तंबाखूचं, तर निदान चार आठवडे आधी बंद. निकोटिनने वाहिन्या आकसतात आणि फ्लॅपची कातडी काळी पडते. डॉक्टर सिगरेट ओढता का विचारतात, बायका नाही म्हणतात, आणि मिश्रीची डबी उशाखाली!

गरबा या वर्षी बसून बघ. डॉक्टरांनी हो म्हटलं की भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम रोज कर, नाहीतर तीन टाळीला हात खांद्यावर जाणारच नाही.

प्रश्न: बायकोचं हेच ऑपरेशन आहे, मेडिक्लेमवाला म्हणतो प्लास्टिक सर्जरी कव्हर होत नाही. खरं का? — कारेलीबाग

उत्तर: अर्धवट खरं. पॉलिसीत एक्सक्लूजनचा कोड 08 काढून वाचा, कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पण त्याच वाक्यात अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन सोडून असं लिहिलेलं असतं. बायोप्सीचा रिपोर्ट जोडा, सर्जनच्या पत्रात कॅन्सरसाठी ब्रेस्ट काढल्यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन असं स्पष्ट लिहून घ्या, आणि मंजुरी आधी मागा, लेखी. एजंटच्या तोंडी नाही-होवर जाऊ नका, पुढच्या टप्प्याच्या ऑपरेशनलाही परत तेच करायचं.